सतराव्या खांबातल्या चार चिंध्या

साहेब, सतराव्या खांबात पोकळी आहे, हे तुम्हाला सही करण्याआधी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंत, मान डोलावलीत आणि तपासणीच्या दाखल्यावर लिहिलंत, ‘सर्व खांब भरीव’. खोटं लिहिलंत. घडलं ते असं.

सांगणाऱ्या माणसाला बांधकामावर सगळे ठोक्या म्हणत. कामच ते त्याचं. हातोडीने खांब ठोकायचे आणि कान लावायचे. नव्या रुग्णालयाला चोवीस खांब होते. एकेक खांब म्हणजे जाड पोलादी पत्र्याची चौकोनी पेटी आणि तिच्यात पायथ्यापासून पंपाने वर चढवलेलं काँक्रीट. आत गच्च भरलं असलं की हातोडी ‘टक्’ करून गप्प बसते. जागा रिकामी राहिली असली की आवाज लांबतो, रिकाम्या पिंपासारखा. अठ्ठावीस वर्षं तो हेच ऐकत आला होता. बायको म्हणायची, “ह्यांना लोखंडाच्या पोटातलं ऐकू येतं, मी स्वयंपाकघरातून दहा हाका मारल्या तर एक नाही.”

सतराव्या खांबाला शिडी लावून तो पहिल्या मजल्याच्या खाली पोचला आणि ठोकलं. आवाज लांबला. दुसऱ्या कोपऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात तेच. त्याने खडूने चार फुल्या मारल्या, खाली उतरला आणि शिडीच्या पायरीवरच बसला. चूक कुणाची, हे त्याला तिथेच कळलं.

प्रत्येक मजल्याच्या पातळीला खांबाच्या आत, चारही बाजूंना टेकेल अशी एक आडवी पोलादी पट्टी जोडतात. काँक्रीट वर जायला तिच्या मधोमध मोठं भोक आणि हवा निघून जायला चार कोपऱ्यांत अंगठ्याएवढी चार. काँक्रीट भरण्याआधी सतराव्या खांबातली पट्टी त्याचा मेहुणा वरून वेल्डिंगने जोडत होता. ठोक्या त्याच खांबाच्या पायथ्याच्या दारातून आत डोकं घालून कचरा काढत होता. ठिणग्या थेट मानेवर.

“अरे, भाजतंय की!”

“दाजी, थांबा, छत्री धरतो तुमच्यावर,” मेहुणा वरून ओरडला. त्याने मधल्या भोकावर पत्र्याचं झाकण ठेवलं आणि कोपऱ्यांतल्या भोकांत ओल्या चिंध्या कोंबल्या. सगळेच वेल्डर असं करतात. काम संपलं की चिंध्या काढून खाली टाकायच्या आणि खालच्या माणसाने मोजून घ्यायच्या. चार गेल्या, चार आल्या.

त्या दिवशी झाकण निघालं. चिंध्यांपर्यंत हात जायच्या आतच निरोप आला की उद्घाटनाची तारीख अलीकडे ओढली आहे, काँक्रीट परवा नाही, आत्ताच भरायचं. पंपाची गाडी फाटकात उभी होती. मेहुण्याला दुसऱ्या खांबावर पिटाळलं. ठोक्याला पाइप धरायला लावलं. मोजायचं त्याचं काम होतं आणि त्याने मोजलं नाही. काँक्रीट वर चढलं, कोपऱ्यांतली हवा पट्टीखाली अडकली आणि तिथेच राहिली.

संध्याकाळी त्याने मेहुण्याला सांगितलं. मेहुण्याचा हातातला चहा तसाच राहिला.

“माझं नाव लिहिणार, दाजी?”

“आधी माझं. मग तुझं.”

“एखादी ठिणगी पडू दिली असती तुमच्या मानेवर, तर बरं झालं असतं.”

“तुझ्या बहिणीने तुला सोललं असतं.”

दोघंही हसले, पण ते हसू काही टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दाखला देणाऱ्या तपासणी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि चूक स्वतःच्या तोंडाने कबूल केली. उपायही सांगितला. प्रत्येक कोपऱ्यात खाली-वर दोन भोकं पाडायची, खालच्यातून सिमेंटचा पातळ घोळ दाबायचा, वरच्यातून बाहेर आला की दोन्ही बुजवायची. दोन दिवसांचं काम.

“एवढं जाडजूड पोलाद आहे,” साहेब म्हणाले. “खांब काय वाऱ्याने उडणार आहे?”

“साहेब, पत्रा एकटा पडला की भाराखाली आत मुडपतो. काँक्रीट एकटं पडलं की बाहेर फुटतं. काँक्रीट पत्र्याला मुडपू देत नाही, पत्रा काँक्रीटला फुटू देत नाही. म्हणून तर एवढा बारीक खांब एवढे मजले पेलतो. आणि ऐन तुळईच्या जोडापाशीच दोघांची ताटातूट झाली आहे.”

“आवाजावरून मी दाखला अडवू? बरं, बघतो.”

बघितलं ते असं की सकाळी चारही फुल्यांवर पांढरा रंग बसला होता.

मग ठोक्याने परवानगी मागितली नाही. भर दुपारी, रंगाऱ्यांच्या देखत शिडी लावली आणि पहिल्या फुलीच्या जागी ड्रिल घातलं. पत्रा संपताच ड्रिल एकदम आत गेलं. त्याने तार सोडली, ती वीतभर आत गेली. तारेचं टोक आकड्यासारखं वळवून त्याने वर चाचपलं आणि ओढलं. टोकाला सिमेंटने कडक झालेला चिंधीचा धागा होता. मेहुणा शिडी धरून उभा होता. धागा बघून त्याने तोंड फिरवलं.

त्याच संध्याकाळी दोघांना फाटकाबाहेर काढलं. भोक बुजवून वर रंग फासला. दाखल्यावर सही झाली आणि ठरल्या तारखेला फीत कापली गेली.

सतराव्या खांबाच्या बरोबर वर नवजात बाळांचा वॉर्ड आहे आणि ठोक्याची मुलगी तिथे नर्स म्हणून लागली आहे. पहिल्या दिवशी ती बूट घालता घालता थांबली.

“बाबा, खरं सांगा. आज पडेल?”

“आज नाही. रोजचा भार तो कदाचित वर्षानुवर्षं पेलेल. जमीन हलली, खाली आग लागली, तर त्या दिवसाचं मी सांगू शकत नाही.”

“अकरा बाळं आहेत माझ्याकडे. मी नाही गेले तर दुसऱ्या कुणाची मुलगी जाईल.” तिने लेस ओढून बांधली. “मामाला सांगा, रडत बसू नकोस. आणि तुम्ही इथे बसून मला काय बघताय? जा ना त्या साहेबांकडे.”

ती गेली. त्याने धाग्यासकट तार कागदात गुंडाळली आणि साहेबांची कचेरी गाठली. शिपाई आडवा आला, त्याला बाजूला सारून तो आत शिरला आणि तार दाखल्याच्या फाइलवर ठेवली.

“चिंध्या मोजल्या नाहीत, हा माझा गुन्हा. तो मी लिहून आणलाय, खाली सही आहे. आता तुमचं. माझी मुलगी ह्या घडीला त्या खांबावर उभी आहे. सतरावा खांब भरलेला आहे की रिकामा? एका शब्दात लिहा आणि खाली सही करा. मी इथून हलणार नाही. लिहा, साहेब.”