कॅलेंडरातले आगंतुक

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मोठा स्क्रीन लावून घेतला होता. कोणाची वेळ कधी, ते पेशंटला बसल्या जागी दिसावं म्हणून त्यांच्या ईमेलचं कॅलेंडर थेट त्यावर उमटायचं. एका सकाळी रूट कॅनाल आणि कवळी यांच्या मधोमध झळकलं: 'अभिनंदन! तुम्हाला बक्षिसात फोन लागला आहे, ताबडतोब इथे दाबा.' त्याच्याखाली: 'एकटे आहात? मी वाट पाहतेय.'

गाल सुजलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि विचारलं, "ही कोण पेशंट?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणीही भामट्याने ईमेलवर आमंत्रण धाडावं आणि ते आपोआप कॅलेंडरात चढावं. ना ओळख ना पाळख, मेले थेट घरात शिरून सोफ्यावर पाय पसरतात!

त्यांनी दिराला फोन लावला. दीर मोठ्या हुद्द्यावर. कॉम्प्युटरमधलं आपल्याला कळतं तेवढं कोणालाच कळत नाही, असा त्याचा तोरा.

"एवढंच ना, वहिनी? प्रत्येकाला नकार कळवा. सभ्य माणसं तेच करतात."

बाईंनी जेवण बाजूला ठेवून एकेकाला नकार कळवला. दुसऱ्या दिवशी लॉटऱ्या, टक्कल घालवणारी तेलं, बेवारस इस्टेटी, सगळ्यांची झुंबड उडाली. मग मात्र त्यांनी स्वतःच शोधाशोध केली आणि कपाळावर हात मारला. नकार गेला की भामट्यांना पोच मिळते, पत्ता चालू आहे म्हणून. चोराने दार वाजवावं आणि आपण आतून ओरडावं, घरात कोणी नाही!

बाईंनी सगळी आमंत्रणं उत्तर न देता स्पॅम म्हणून कळवली, आणि यापुढे ओळखीच्यांचीच दिसावीत अशी सेटिंग केली. स्क्रीनवर पुन्हा नुसत्या दाढा राहिल्या.

पुढे दीर स्वतःच दाढ धरून आला. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "काय वहिनी, चालली ना माझी युक्ती?"

"आ करा, भाऊजी."

त्याच्या गालात कापूस कोंबून त्यांनी सगळं सुनावलं, पोचेपासून चोरापर्यंत. तो नुसता "आँ, आँ" करत राहिला. गुळणी करून होताच रुमालाने तोंड पुसत म्हणाला, "असं कसं? मी तर रोज सकाळी सगळ्यांना नकार कळवतो. अर्धा तास जातो. ऑफिसात सगळ्यांना तसंच शिकवलंय."

"शिकवलंय?"

"सगळ्यांचं ट्रेनिंगच घेतलं मी!"

बाईंनी हातमोजे काढून टोपलीत टाकले आणि बाहेर हाक दिली, "पुढचे कोण?"