आडवी बाटली

राजेश्वरी मॅडम पुण्याहून आम्हाला पार्टीचं इंग्रजी शिकवायला आल्या होत्या. लोणावळ्याच्या आमच्या रिसॉर्टवर शनिवार-रविवारी दुसरं काय चालतं? पाहुण्यांशी त्यांच्याच शब्दांत बोललं की ते खूश होतात म्हणे. जी पास होईल ती रिसेप्शनवर बसणार होती, आणि मला तिथं बसायचंच होतं. बी.ए. होऊन दोन वर्षं मी चादरी बदलतेय.

फळ्यावर शब्द चढत गेले. थोडी चढली तर टिप्सी, रंगात आला तर बझ्ड, पार झिंगला तर हॅमर्ड, शुद्ध हरपली तर वेस्टेड. मला तासाभरात सगळे तोंडपाठ झाले.

मग मॅडमनी मला उभं केलं. प्यायलेल्या पाहुण्यानं हात धरला तर काय म्हणशील? उत्तर त्यांनी आधीच दिलं होतं. हसायचं आणि म्हणायचं, सर आज जरा टिप्सी आहेत.

माझं डोकंच फिरलं. गेल्या महिन्यात एकानं खरोखर माझा हात धरला होता. मनगटावर चार दिवस वळ होता. तेव्हा मॅनेजरही हेच म्हणाला होता, जरा टिप्सी होते, मनावर घेऊ नकोस. एवढे शब्द, आणि सगळे त्या माणसाला सांभाळून घेणारे. माझ्या मनगटासाठी एकही नाही.

मी मार्कर घेतला आणि यादीखाली एक आडवी बाटली काढली.

मॅडमना काही कळेना. मी सांगितलं, आमच्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. आम्ही आडवी निवडून आणली.

"हर्षदा, हे पुसलं नाहीस तर रिसेप्शन विसर," मॅडम म्हणाल्या.

"विसरले," मी म्हणाले. "पण कुणी हात धरला तर मी हसणार नाही."

 

तेवढ्यात मागून बयाबाई उठल्या. त्या आमच्याच गावच्या, रिसॉर्टची न्हाणीघरं धुतात, सहीच्या जागी अंगठा लावतात. त्या पुसायलाच आल्या असं वाटून मॅडमनी डस्टर पुढे केलं. बयाबाईंनी ते बाजूला सारून माझ्याकडून मार्कर घेतला.

"मला लिवाया येत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर ही येती."

माझ्या बाटलीशेजारी त्यांनी दुसरी आडवी बाटली काढली आणि मार्कर पुढच्या बाईच्या हातात दिला.