लाल खाच आणि काठोकाठ पेला

आमच्या ढमीचं खुराडं होणार होतं. अगदी खरंखुरं, कोंबड्यांचं! ढमी म्हणजे आमची कॅम्पर व्हॅन. वयाने बाबांच्या बरोबरीची, आत दोन पलंग, एक शेगडी आणि विटलेले पडदे. सुट्टीत तिला घेऊन थेट समुद्र गाठायचा, असं आत्याचं नि माझं ठरलेलं. पण ढमी जागेवर उभी राहिली की खोकायची, थरथरायची आणि सिग्नलला तर हमखास मान टाकायची.

"चार वाजता कोंबडीवाले येतायत," बाबा म्हणाले आणि पाण्याचा पेला त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला. "इंजिन चालू असताना थेंब सांडला नाही, तर गाडी तुमची. सांडला तर त्यांची."

"दादा, जरा कमी भर ना रे," आत्या म्हणाली.

बाबांनी आणखी दोन थेंब घातले.

मग काय, मी केस वर बांधले, आत्याने बाह्या सरसावल्या. इंजिन चालू. धडधड, फुस्स, धडधड. मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं डॉक्टरीणबाईंच्या थाटात इंजिनावरून फिरवलं. इथे टकटक, तिथे घरघर, आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरखाली चक्क स्स्स!

"साप!" मी किंचाळले.

"हवा!" आत्या माझ्याहून मोठ्याने किंचाळली.

तिथे एक पिवळी पडलेली प्लास्टिकची नळी होती. तिला चीर गेलेली आणि त्या चिरेतून नको ती हवा इंजिनात घुसत होती.

"आत्या, ही गाडीची नळी नाहीये."

आत्याने घसा खाकरला. "माशांच्या टाकीची आहे. तात्पुरती लावली होती."

"कधी?"

"तुझ्या जन्माआधी."

मी हसून हसून टायरवर बसले. मग आम्ही जाड रबराची नवी नळी बसवली. खोकला थांबला, पण थरथर काही जाईना. पेल्यातून पाणी डुचमळून बाबांच्या पायजम्यावर.

"हा सराव होता हं!" मी घाईघाईने म्हटलं आणि पेला पुन्हा भरला.

राहिलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. आत्याने टायमिंग लाईटचा झोत इंजिनाच्या फिरत्या चाकावर धरला. तो दर ठिणगीबरोबर लुकलुकतो, म्हणून गरगरणाऱ्या चाकावरची खाच जागच्या जागी थबकल्यासारखी दिसते. निव्वळ जादू! आत्याने कधीकाळी नेलपॉलिशने लाल केलेली खाच इंजिनावरच्या स्थिर काट्यासमोर अगदी नेमकी उभी होती.

"बघ, टायमिंगला नाव ठेवायला जागा नाही," आत्या म्हणाली.

"पण आत्या, पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडायला हवी, हे तूच शिकवलंस ना?"

"हो, मग?"

"मग तुझी लाल खाच आधीची आहे की वर पोचल्याची?"

"शहाणे, ती खूण मी स्वतःच्या हाताने केलीये!"

एरवी मी इथे गप्प बसले असते. आज म्हटलं, बघूच. इंजिन बंद केलं, ठिणगी पाडणारा पहिला प्लग काढला, त्या भोकात सरबताची लांब स्ट्रॉ उभी सोडली आणि पान्याने चाक हळूहळू फिरवलं. स्ट्रॉ वर आली, आणखी वर आली, थांबली. पिस्टन अगदी वर. खाली वाकून पाहिलं, तर काट्यासमोर लाल खाच! आणि तिच्या शेजारी तेलकट काजळीखाली दडलेली दुसरी खाच. ठिणगीची खरी जागा ती.

आत्याने ती नखाने खरवडली.

"एवढी वर्षं," ती म्हणाली, "मी बिचारीला दमेकरी समजत होते."

"आत्या, नेलपॉलिश आण. या वेळी मी लावते."

प्लग जागेवर गेला, इंजिन चालू झालं. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर सरकवला, नवी खाच काट्यासमोर आली आणि ढमी सुखावलेल्या मांजरीसारखी गुरगुरायला लागली. तेवढ्यात फाटकात कोंबडीवाले उभे. आम्ही सगळे खिडकीला नाक लावून. पेल्यातलं पाणी काठाशी फुगलं, शहारलं, आणि तिथेच राहिलं.

"काय मस्त चालतीये हो! दोन पैसे जास्त देतो," कोंबडीवाले म्हणाले.

मी ढमीचं दार घट्ट धरलं. बाबांनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला, मिशी पुसली.

"विकायची नाही," ते म्हणाले. "आणि समुद्राला जाताना खिडकीजवळ मी बसणार."