अकरा मिनिटांची जागा

गुरुजींची ओळ संपली आणि साकाशितांचं बोट बटणावर पडलं. उजवीकडच्या यंत्रातली नोंद थांबली. डावीकडच्या यंत्रात कुणी शिष्य तीच ओळ आपल्या गळ्यातून ओढत नेत होता, ओल्या गोणत्यासारखी. त्याचा श्वास एकदाचा संपला, गुरुजींचा घडीचा पंखा ताल देत लाकडी ठोकळ्यावर वाजला, आणि साकाशितांनी बोट उचललं. पुढची ओळ, पुन्हा गुरुजींची.

अडतीस वर्षं कानाझावाच्या पाणीपुरवठा खात्यात गळक्या नळ्या शोधण्यात घालवलेल्या माणसाला गळती दिसली की राहवत नाही. आणि ही गळती तर उघड होती. किताबायाशी गुरुजी 'नो' या जुन्या जपानी नाटकातली पदं शिकवत. शिकवण्याची रीत जुनीच. गुरूनं ओळ म्हणायची, शिष्यानं ती जशीच्या तशी परत म्हणायची. म्हणजे शिकवणीच्या नोंदीतला निम्मा वेळ शिष्यांच्या बेसूर गळ्यांनी खाल्लेला. त्यात साकाशितांचा स्वतःचाही गळा होता, हे त्यांनी प्रामाणिकपणे वहीत लिहून ठेवलं होतं.

नोव्हेंबरात शस्त्रक्रिया करून गुरुजींची स्वरपेटी काढली. आता ते पाटीवर लिहून बोलत. त्यांच्या घरात मिनीडिस्कचं एक जुनं यंत्र होतं आणि शिकवणीच्या चार तबकड्या, प्लास्टिकच्या चौकोनी डब्यांतल्या. पडल्यापडल्या ऐकताना दर चौऱ्याहत्तर मिनिटांनी तबकडी बदलायची म्हणजे गुरुजींचे हात थरथरत. बाजारात कोऱ्या तबकड्या मिळेनाशा होऊन वर्षं लोटली होती. साकाशितांच्या कपाटात मात्र एक शिल्लक होती, वेष्टनासकट.

"सगळं एकीवर बसवतो," ते गुरुजींच्या पत्नीला म्हणाले होते. "माझ्यावर सोडा, वहिनी."

हिशेब सोपा होता. दोन कानांना दोन वेगळे आवाज कशाला? एकच नोंदवला की त्याच तबकडीवर दुप्पट वेळ मावतो, एकशे अठ्ठेचाळीस मिनिटं. चार तबकड्यांची मिनिटं दोनशे शहाण्णव. निम्मं काढायचं होतं, आणि निम्मं शिष्यांचंच होतं. हिशेब इतका चोख जुळला की साकाशितांना एकट्यालाच हसू आलं.

सगळ्यात जुन्या तबकडीवर एक तरुण आवाज होता. ती नोंद साकाशिता शिष्य व्हायच्या आधीची. पोरगा ओळ घाईनं चढायचा, मध्येच धाप टाकायचा, आणि एका ठिकाणी तर चक्क हसला. साकाशितांनी कपाळाला आठी घातली, बोट दाबून धरलं आणि वहीत लिहिलं: हसरा शिष्य, अकरा मिनिटं, वजा.

काम संपलं तेव्हा बारा मिनिटं शिल्लक होती. एवढ्यावर थांबले असते तर ते साकाशिता कसले? त्यांनी मूळच्या चारही तबकड्या पुसून कोऱ्या केल्या, वरच्या चिठ्ठ्या कोमट पाण्यानं सोडवल्या आणि चारींना मिळून एक रबरबँड लावला.

रविवारी दुपारी गुरुजींच्या गल्लीत गुडघाभर ओला बर्फ होता. होरिएबाई कोपऱ्यावरच भेटल्या. त्या केस कापायचं दुकान चालवत आणि वीस वर्षं गुरुजींकडे शिकत होत्या, म्हणजे साकाशितांच्या आधी सोळा वर्षं.

"काय हो वहीवाले चिटणीस, माझाही गळा कापलात म्हणे?"

"सगळ्यांचे कापले. माझा आधी."

"तुमचा कापलात ते पुण्याचंच काम झालं. पण माझ्यावर गुरुजी एकदा खूश झाले होते हो. एकदाच. तेवढं तरी ठेवायचं."

"खूश झाले ते ठेवलंय. तुम्हाला तेवढं काढलंय."

होरिएबाई खळखळून हसल्या. साकाशितांनी दाराची घंटा वाजवली आणि बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाले, "सगळ्यात जुन्या तबकडीवर तर एक पोरगं नुसतं फिदीफिदी हसतंय. ते पहिलं उडवलं."

होरिएबाईंचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

"साकाशितासान. ते पोरगं म्हणजे..."

दार सरकलं. गुरुजींच्या पत्नी मित्सुए गुडघ्यांवर बसून वाकून नमस्कार करत होत्या.

"या, या. केव्हापासून वाट बघतायत. आज तर दाढीसुद्धा केली."

गुरुजी आतल्या खोलीत उशीला टेकून बसले होते. गळ्यावर पांढरं फडकं, मांडीवर पाटी, शेजारी पंखा आणि ठोकळा. साकाशितांनी नवी तबकडी दोन्ही हातांनी पुढे ठेवली, आणि तिच्याशेजारी रबरबँडातल्या चार.

"एकीवर सगळं बसलं. शिवाय बारा मिनिटं उरली," ते म्हणाले. "आणि या चार कोऱ्या करून आणल्यात. हल्ली मिळत नाहीत ना."

मित्सुएबाईंनी चारांतली एक उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. चिठ्ठी होती तिथे प्लास्टिक जरा जास्त चकचकीत दिसत होतं.

"कोऱ्या?"

होरिएबाई चटईच्या शिवणीकडे बघत होत्या.

गुरुजींनी तबकडी यंत्रात सरकवली. खोलीत त्यांचा आवाज भरला, पोटातून आलेला, जुन्या घंटेसारखा. ओळ संपली. मित्सुएबाईंनी मान किंचित कलती केली, दारात कुणाची चाहूल घ्यावी तशी. लगेच गुरुजींची दुसरी ओळ आली. मग तिसरी. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची मान कलती व्हायची आणि पुढची ओळ तिला ढकलून सरळ करायची.

"हा जुना धडा आहे ना," त्या हलकेच म्हणाल्या. "आमच्या मुलाचा, योइचीचा. गेला त्याच्या आदल्या वर्षीचा. त्याला कुठे फोटो काढून घ्यायला आवडायचं? आवाज तेवढा होता." मग साकाशितांकडे वळल्या. "तो पुढे येईल का?"

 साकाशितांनी कपाळ चटईला टेकवलं.

"वहिनी, मी काढून टाकला. मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं... शिष्य आहे कुणीतरी."

यंत्र चालूच होतं. कौलांवरचा बर्फ घसरून अंगणात धप्पकन पडला.

"मूळ राहू द्या, असं सांगायचं माझ्याच लक्षात आलं नाही," मित्सुएबाई म्हणाल्या. हातातली तबकडी त्यांनी हलकेच खाली ठेवली, काचेची असावी तशी. "किती होता तो?"

"अं?"

"किती वेळ होता? तुम्ही लिहून ठेवलं असेल."

साकाशितांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, वही ठेवायला नको होती.

"अकरा मिनिटं."

"अकरा," त्या म्हणाल्या.

 होरिएबाईंनी नाक ओढलं. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून साकाशितांनी मान वर केली, तर गुरुजी त्यांच्याकडेच बघत होते. पाटी बाजूला सारलेली. गुरुजींनी यंत्रातली नोंद मागे नेली, अगदी धड्याच्या सुरुवातीला. ओळ वाजली. ओळ संपली, आणि त्यांचं बोट बटणावर पडलं. यंत्र थांबलं.

गुरुजींनी पंख्याचं टोक साकाशितांकडे केलं.

साकाशितांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी पाठ ताठ केली, हात मांड्यांवर ठेवले आणि ओळ परत म्हटली. वाईट म्हटली. गुरुजींनी चूक दाखवली नाही; पंखा ठोकळ्यावर आपटला आणि बोट उचललं. दुसरी ओळ. बोट. साकाशिता. पंखा. तिसरी. खोलीत दोन आवाज आळीपाळीनं होऊ लागले, एक घंटेचा, एक गळक्या नळाचा. मित्सुएबाईंनी डोळे मिटले होते. त्यांची मान आता कलती होऊन तशीच राहत होती.

सातवी ओळ उंच चढणारी होती. ती संपली, गुरुजींचं बोट बटणावर पडलं, आणि साकाशितांनी श्वास घेतला.

"इथे तो हसला होता," मित्सुएबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

साकाशितांचा श्वास छातीतच थांबला. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. पंखा वर होता. बोट बटणावरच होतं, आणि गुरुजी वाट बघत होते.