न फुटलेले जिवाणू

वीबेने केक आणला होता, आणि तोही साधासुधा नाही! वर चेरींचा डोंगर, खाली क्रीमचे थरावर थर. ज्याची आनंदाची बातमी त्यानेच केक आणायचा, हा हॉलंडमधल्या ग्रोनिंगनच्या त्या प्रयोगशाळेचा रिवाज. गेली दोन वर्षं बिचारा वीबे दुसऱ्यांच्याच बातम्यांचे केक खात होता. आज त्याची पाळी आली होती आणि आनंदाने त्याचे कान लालबुंद झाले होते.

सगळे खुर्च्या गोल मांडून बसले, कॉफी आली, अभिनंदनाची फेरी सुरू झाली. आता अभिनंदन करायचं म्हणजे एकट्या वीबेचं करून कसं भागेल? त्याच्या शेजारच्याचं, त्याच्या टेबलावर काम करणाऱ्याचं, सगळ्यांचंच करायचं!

"हिस्के, तुझंही अभिनंदन गं!" प्रयोगशाळेची प्रमुख अलाइदा तिचा हात जोरजोरात हलवत म्हणाली. "जिवाणू वाढवायचं मीडियम तूच करून दिलंस ना त्याला?"

"हो, मीच," हिस्के हसत म्हणाली, आणि पहिला घास तिच्या तोंडातच अडकला.

मीडियम म्हटल्याबरोबर तिला तो बर्फाचा दिवस आठवला होता.

गेल्या आठवड्यात तळ्यावर बर्फ धरलं होतं. एकदा का असं बर्फ धरलं की तिथे कुणाचं कामात लक्ष लागेल तर शपथ! हिस्केने मीडियम शिजवलं होतं, बाटल्या भरल्या होत्या. फक्त आंबटपणा तपासून अल्कलीचे थेंब घालायचे राहिले होते. येऊन करू, असं म्हणून तिने स्केट खांद्यावर टाकले.

"वीबे, चल ना रे! बर्फ काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"तू जा. माझे जिवाणू थांबायचे नाहीत."

ती गेली, मनसोक्त घसरली, दोनदा आपटली, काठावर वाटाण्याचं गरम सूप प्यायली, आणि थेंबांचं साफ विसरली. बाटल्या तशाच फ्रिजमध्ये गेल्या.

न्यूमोनियाचे हे जिवाणू मोठे अजब. अंगाभोवती त्यांची भिंत असते. वाढायचं तर जुनी भिंत थोडी उसवायची, नवी घालायची, आणि उसवायच्या कात्र्या ज्याच्या त्याच्याच अंगात! पेनिसिलिन नवी भिंत घालणं बंद पाडतं आणि कात्र्या मोकाट सोडतं. मग तो जिवाणू आपणच आपली भिंत कापत सुटतो आणि फुटून जातो. गढूळ नळी बघता बघता नितळ होते.

वीबेची नळी मात्र पेनिसिलिन घालूनही गढूळच राहिली होती. एका रुग्णाकडून आलेले हे नवे जिवाणू फुटतच नव्हते! केक या शोधाचाच होता. दुपारी साऱ्या विभागासमोर वीबे ही बातमी सांगणार होता. फळ्यावर त्याचं नावही लागलं होतं.

पण आंबट मीडियममध्ये त्या कात्र्या चालतच नाहीत. हे हिस्केला ठाऊक होतं. वीबेलाही ठाऊक होतं. पण हिस्केने केलेल्या बाटलीवर त्याने कशाला शंका घ्यावी?

बशी खुर्चीवर ठेवून ती आत सटकली. बाटलीत आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी बुडवली. हिरवी व्हायला हवी होती. पिवळी झाली.

ओतून टाकावं का? एक नळ सोडला की झालं, कुणाला कळणार होतं? तिने बाटली बेसिनवर धरलीसुद्धा. तेवढ्यात दार ढकलून वीबे आला, हातात तिची बशी.

"पळून काय आलीस? घे, तुझ्या तुकड्यावर जास्तीच्या दोन चेरी ठेवल्यात. अलाइदाला सांगू नकोस."

ओरडला असता तरी तिला इतकं लागलं नसतं.

"वीबे, त्या दिवशी बर्फ धरलं होतं ना..."

"हो, आणि तू आपटलीस म्हणे! साऱ्या इमारतीला कळलंय."

"मी अल्कली घातलंच नाही रे. तशीच पळाले."

तो हसला. मग त्याला पट्टी दिसली.

"पण नेहमीचे जिवाणू तर फुटले होते," तो हळूच म्हणाला.

"ते कुठल्या बाटलीत वाढवलेस?"

"जुन्या. ती संपली म्हणून नवे या तुझ्या..." तो मध्येच थांबला.

मग त्याने ती गढूळ नळी उचलली, तिच्यात अल्कलीचे थेंब टाकले, पट्टी हिरवी होईपर्यंत टाकले, आणि नळी कोमट पाण्यात ठेवली. दोघं बघत उभे राहिले. बाहेर कुणीतरी खदाखदा हसत होतं. आधी काहीच झालं नाही. मग नळीआडचा वीबेचा लाल कप धूसर दिसायला लागला. मग कपाचा कान दिसला. मग कानावरचा टवकासुद्धा. कात्र्या सगळ्या आत होत्याच, इतके दिवस नुसत्या दबून बसल्या होत्या.

"मीच मूर्ख," वीबे म्हणाला. "दोन्ही एकाच बाटलीतून करायचे, हे पोरासोरालाही कळतं."

"नको ना रे असं. शिव्या मला घाल."

"घालणारच आहे. आत्ता सुचत नाहीयेत."

तो नाव पुसायला फळ्याकडे निघाला. हिस्के आडवी आली.

"नाव पूस, पण त्या जागी माझं लिही. दुपारी मी सांगते."

"वेडी आहेस का? साऱ्या विभागासमोर?"

"मग? मघाशी अभिनंदन सगळ्यांसमोर घेतलंच ना मी!"

वीबेने बशी तिच्यापुढे सरकवली नाही, केक स्वतःही खाल्ला नाही. त्या दोन चेरी घसरत घसरत क्रीमच्या कडेला आल्या होत्या. हिस्केने ती नितळ नळी पाण्यातून काढली, पुसली, आणि दुपारी न्यायच्या सामानात सर्वांत वर ठेवली.