आधी खोट सांगणारं दुकान

मी गज बोलतोय, कापड मोजायचा लोखंडी गज. माझी खोट आधीच सांगून टाकतो: एका टोकाला मी झिजलोय, म्हणून मालक दर मापाला बोटभर कापड जास्त सोडतात. आमच्या दुकानाची रीतच तशी. खरं तर दुकानाची नव्हे, मालकांच्या धर्माची.

त्यांच्या पंथात जेमतेम सात-आठ घरं. ना देऊळ, ना मूर्ती. देव गिऱ्हाईक होऊन येतो आणि कधी येईल याचा नेम नाही, म्हणून माल विकण्याआधी त्याची खोट सांगायची, एवढीच पूजा! मालकांची लेक लहानपणी स्टुलावर उभी राहून खणखणीत सांगायची, "या चादरीला मधोमध गाठ आहे हो!" गिऱ्हाईक हसायचं आणि बहुतेक वेळा चादर घेऊनच जायचं. धंद्यातली गोम सांगतो, गाठ दाखवणाऱ्यावर माणूस डोळे झाकून विश्वास टाकतो.

शाळेत मात्र पोरं तिला 'खोटवाली' म्हणून चिडवायची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती "केक जरा करपलाय" म्हणाली, पुन्हा कुणी बोलावलंच नाही. मोठी झाल्यावर तिने दुकानाची पायरी चढणंच सोडलं.

पुढे चष्म्याच्या दुकानातला एक तरुण तिच्या मनात भरला. तो आईला घेऊन दुकानातच भेटायला येणार होता, त्या सकाळी ती मालकांसमोर उभी राहिली. "बाबा, आजचा दिवस तुमचा धर्म गुंडाळून ठेवा. माझी नाहीतर मालाची खोट काढलीत, तर लग्न मोडलंच समजा."

मालकांनी मला कुरवाळलं. मग म्हणाले, "बरं बाळा."

पाहुणे आले, चहा झाला. मुलाच्या आईने फळीवरचं निळं कापड ओढलं. "काय सुंदर रंग! पडद्यांना घेते. मोजा हो."

मालकांनी मला उचललं. ओठ घट्ट मिटलेले, कान लाल. आवाज फक्त माझा, फळीवर टकटक. उभ्या आयुष्यात त्यांनी असं मुकाट्याने मोजलं नव्हतं. लेक त्यांच्याकडे बघत राहिली.

"काकू, नका घेऊ!" ती एकदम ओरडली. "पहिल्या धुण्यात रंग जाईल. आणि मी तापट आहे, स्वयंपाक बेताचाच येतो, आणि आमच्या घरी आधी खोटच सांगतात. लग्नानंतर माझ्याही घरी तसंच असेल!"

तरुणाने चष्मा काढून पुसायला घेतला. त्याची आई खो खो हसत सुटली. "अगं, मग आमचाही माल नीट बघून घे! हा घोरतो, ओला टॉवेल पलंगावर टाकतो, मोजे घ्यायचे तरी मला विचारतो."

"आई!"

"गप रे. इथली रीत आहे."

मालकांनी डोळे पुसले आणि घाईघाईने म्हणाले, "कापडाला कडेला एक भोकही आहे."

लग्न झालं, आणि आता दुकान लेकच चालवते. मी तिच्या हातात असतो. मालक कोपऱ्यात पेपर वाचल्याचं नाटक करतात. कालच ती म्हणाली, "ताई, याची वीण विरळ आहे." कोपऱ्यातून लगेच, "आणि आटतंही!"

"सांगतेच आहे हो बाबा, दम धरा जरा!"

या एकदा कापड घ्यायला. घाईत मात्र येऊ नका. दोघं मिळून सांगायला लागले की वेळ जातो.