डबा कुणी संपवला

"काका, डब्यातलं प्रोटीन पोटात गेल्यावर त्याला कसं कळतं हो, दंडात जायचं का दाढीत?"

विचारून दाखवच, असं शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं, प्रीतीनं डिवचलं होतं, म्हणून संयोगिता उठली होती. शाळेचा हॉल खुसखुसला. स्टेजवरचे पाहुणे धैर्यशीलकाका, पप्पांचे मित्र आणि प्रोटीन पावडरचे एजंट, दंड फुगवून उभे होते.

"पावडर हुशार असती बाळ. इंपोर्टेड हाय."

टाळ्या पडल्या. पण माइक आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेला, संयोगिताला सोडवेना.

"आमच्या बाईंनी सांगितलंय, प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिला जशी घडी पडते, तसं तिचं काम. एक रक्तातनं ऑक्सिजन नेते, दुसरी स्नायू ओढते. पण पोटाला तुम्ही साज द्या नाहीतर बोरमाळ, ते आधी दोरा तोडून मणी सुटे करतं. मग शरीर आपल्याला पाहिजे ती माळ नव्यानं ओवतं. मणी डब्यातला का हुलग्यातला, त्याला काय कळतंय?"

"मग तू गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली आलीस कशी? आमचाच डबा पिऊन की," काका हसले. "उद्या चौकात फ्लेक्स लागतोय. बघा सगळ्यांनी."

संयोगिता माइक देऊन खाली बसली. पप्पांनी आणलेल्या डब्यातला एकच घोट तिनं घेतला होता, आणि तोही थुंकला होता.

घरी पोचली तर फ्लेक्स अंगणात पसरलेला. मधोमध माणसाएवढा डबा. बाजूला गॉगल लावलेले पप्पा, म्हणजे बाळासो. खाली बावीस शुभेच्छुक. कोपऱ्यात अंगठ्याएवढी संयोगिता आणि वर अक्षरं, 'माझ्या यशाचं गुपित'.

"पप्पा, मी डबा पितच न्हाय."

"मग संपला कसा?"

"म्हशीनं संपवला," आई म्हणाली. ती चक्का टांगत होती. "पोरगी थुकाय लागली, मग पेंडीत कालवला."

"अगं, इंपोर्टेड हुता त्यो."

"पप्पा, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, व्हे." संयोगितानं फडक्याखालच्या पातेल्याकडं बोट केलं. "दूध नासवलं, दही टांगलं की गळतं ते पाणी. तेच वाळवलंय. आपली म्हैस रोज फुकट पिते."

"आसंल. पर धैर्यशीलला शबूद दिलाय. फ्लेक्सवरचं कोण वाचतंय?"

"सातवीतल्या पोरी वाचतात. त्या मला विचारतात, ताई, काय खाऊ? मी त्यांना हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं सांगते. उद्या मी खोटारडी ठरणार."

पप्पा वाकून फ्लेक्सची सुरकुती काढू लागले. गोठ्यातनं म्हैस फुरफुरली.

"फ्लेक्स लावा, माझं काय म्हणणं न्हाय," संयोगिता म्हणाली. "पण मी ठरवलंय. सकाळी सातला प्रीती शिडी आणि खळ घेऊन येणार आहे. माझ्या फोटोवर आम्ही म्हशीचा फोटो चिकटवणार. डबा जिनं संपवला, तिनंच गुपित सांगावं."